यांना मी ओळखतो

महाराष्ट्रातल्या कुठल्याही कोर्टाच्या फाटकाबाहेर काळ्या कोटातले एक गृहस्थ उभे असतात. तुम्ही त्यांना जन्मात पाहिलेलं नसतं, पण ते तुम्हाला ओळखतात. नुसते ओळखत नाहीत, तसं लिहून देतात, खाली सही ठोकतात आणि सनदेचा नंबरही टाकतात. सही करताना फक्त एकदा मान वर करून विचारतात, "नाव काय म्हणालात?"

प्रतिज्ञापत्राच्या तळाशी, तुमची सही जिथे संपते तिथे, एक ओळ छापलेली असते : 'प्रतिज्ञापत्र करणाऱ्यास मी ओळखतो.' तिच्याखालची मोकळी जागा भरायला हे गृहस्थ लागतात. तुमच्याबरोबर रिक्षातून आलेली बायको तिथे चालत नाही. चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेले शेजारीही, वकील नसतील तर, बहुतेक टेबलांवर चालत नाहीत. या मंडळींना तुमच्याबद्दल नको तेवढी माहिती असते. ओळखणारा माणूस कसा कोरा हवा. पुण्यात शिवाजीनगरला, ठाण्यात कोर्ट नाक्यावर, मुंबईत फोर्टात असे कोरे लोक सकाळी साडेदहापासून हजर असतात आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी निम्मा तालुका ओळखलेला असतो.

यात त्या गृहस्थांचा दोष नाही. नोटरीसमोर उभा असलेला माणूस तोच आहे का, याची खात्री कुणीतरी करायला हवी, आणि नोटरीला सगळं गाव ठाऊक असण्याचे दिवस गेले. आपला नोटरी कायदा १९५२ सालचा. त्यात कार्डांची यादी नाही, कारण यादी करण्याइतकी कार्डंच तेव्हा नव्हती. पॅन आलं १९७२ साली, फोटोचं मतदार ओळखपत्र १९९३नंतर, आणि देशातलं पहिलं आधार तर २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. बावन्न साली घरात सरकारी कागद म्हणजे रेशनकार्ड, आणि त्यावर माणसाच्या चेहऱ्यापेक्षा साखरेला जास्त महत्त्व.

त्याच सुमाराला देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तिच्या मतदारयाद्या करताना लक्षात आलं की लाखो बायका आपलं नावच सांगायला तयार नाहीत. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढीच ओळख. शेवटी अशा सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गाळावी लागली. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या होत्या, पण आपण फार हसू नये. आपल्याकडे बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं तर यमक जुळवावं लागे. शपथेवर नाव सांगायची वेळ आलेल्या एखाद्या आजीने त्या काळी नोटरीपुढे काय केलं असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

मधल्या काळात आपण एक सोपा मार्ग काढला होता. प्रत्येक आळीत एक विशेष कार्यकारी दंडाधिकारी असायचा. पुढे त्याचा विशेष कार्यकारी अधिकारी झाला. दंड गेला, पाटी राहिली. आमच्या भागातल्या अशा काकांचं किराणा दुकान होतं. गिऱ्हाईकाला तूरडाळ जोखून देता देता ते मार्कशीटच्या सत्यप्रतीवर शिक्का मारायचे, त्यामुळे आमच्या पिढीच्या कित्येक गुणपत्रिकांना हळदीचा वास होता. काका ओळखपत्र मागत नसत. "तू अमक्याचा ना? वडलांना सांग, मागचे सव्वीस रुपये राहिलेत." एवढी पक्की ओळख आधारच्या बोटांच्या ठशांनीही पटत नाही.

आता कार्ड लागतं. एक नव्हे, शक्यतो दोन. एकावर फोटो हवा, दुसऱ्यावर पत्ता. पॅनवर फोटो असतो, पत्ता नसतो. पासपोर्टवर दोन्ही असतात, पण पासपोर्ट घेऊन कोर्टासमोरच्या छत्रीखाली जायला कुणाचं मन होत नाही. शेवटी सगळे आधार काढतात. नोटरीचा कारकून ते हातात घेतो आणि एक कार्यक्रम सुरू होतो. तो फोटोकडे बघतो, मग तुमच्याकडे. पुन्हा फोटोकडे. मग कार्ड उन्हात धरतो. आधारचा फोटो काढणाऱ्याने कॅमेरा हनुवटीच्या खाली धरलेला असतो, मागे पांढरा पडदा आणि चेहऱ्यावर नुकतीच अटक झाल्याचे भाव. कारकून शेवटी विचारतो, "हे तुम्हीच?" खरं तर आपल्यालाही खात्री नसते, पण आपण हो म्हणतो. फोटोसारखं दिसण्यासाठी थोडा पडेल चेहराही करतो. मग तो म्हणतो, "ओरिजिनल कुठंय?" डाउनलोड करून छापलेलं आधार मूळ कार्डाइतकंच चालतं, हे खुद्द आधारवाल्यांनी सांगितलेलं आहे. पण ते त्यांनी कारकुनाला सांगितलेलं नाही. त्याच्या लेखी लॅमिनेशन केलेलं ते ओरिजिनल, आणि कडांना लॅमिनेशन सुटलेलं असेल तर ते अस्सल ओरिजिनल.

इथवर सगळं ठीक. ज्याची सगळी कार्डं एका सुरात बोलतात, तो माणूस अर्ध्या तासात सुटतो. खरी मौज दुसऱ्यांची. आणि आपल्याकडे दुसरेच जास्त.

समजा, सुमन नावाची एक मुलगी आहे. साल धरा १९५५. जन्म घरात झाला, त्यामुळे ग्रामपंचायतीत नोंद नाही. आत्याला विचारलं तर नागपंचमीच्या आदल्या दिवशी, आजीला विचारलं तर काळी म्हैस व्याली त्याच आठवड्यात. शाळेत घालताना गुरुजींनी वय विचारलं, वडिलांनी मुलीच्या उंचीकडे पाहिलं आणि गुरुजींनी जन्मतारीख लिहून टाकली : १ जून. शाळा जूनमध्ये उघडायची, वय भरायला हवं, हिशेब सरळ होता. त्या काळात आपल्याकडे गावंच्या गावं १ जूनला जन्मली.

विशीत सुमनचं लग्न झालं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यावर नाव लिहिलं : वृंदा. स्टॅम्प पेपर नाही, राजपत्रात जाहिरात नाही. साक्षीला सगळा मांडव होता, पण सही एकाचीही घेतली नाही. दुसऱ्या दिवशी त्या तांदळांचा भात झाला आणि एकमेव पुरावा पंक्तीने खाल्ला.

इथून पुढे प्रत्येक खात्याने तिला आपापल्या परीने घडवलं. रेशनकार्डावर ती 'वृंदाबाई'. मतदार ओळखपत्रावर 'व्रुंदा', आणि पतीच्या नावाच्या जागी सासरे. बँकेच्या पासबुकावर इंग्रजीत 'ब्रिंदा', कारण तेव्हाचे कॅशियर बंगालकडचे होते. पॅनवर नाव बरोबर आलं, पण वडिलांच्या नावाच्या रकान्यात नवऱ्याचं, त्यामुळे आयकर खात्याच्या दृष्टीने तिचं लग्न एका फार चमत्कारिक माणसाशी झालं. आधारच्या वेळी तिला फक्त साल आठवलं, म्हणून जन्मतारीख पडली १ जानेवारी. अलीकडे आधारवर नवऱ्याच्या नावाआधी 'केअर ऑफ' येतं. चाळीस वर्षांच्या संसारानंतर नवरा पत्त्याचा भाग झाला. आणि माहेरी वडील गेल्यावर वारसांची नावं लागली, तेव्हा तलाठ्याने सातबाऱ्यावर तिला चढवलं 'सुमन भ्र.' म्हणून. हा भ्र. म्हणजे भ्रतार. महसूल खात्याशिवाय तो आता कुठेही जिवंत नाही.

एवढं होऊनही बाई एकच आहे. शंका असेल तर तिच्या सुनेला विचारा.

पण माहेरची जमीन विकायची ठरते आणि समोरून मागणी येते : 'सुमन आणि वृंदा एकच आहेत, असं अ‍ॅफिडेव्हिट आणा, नोटरी करून.' आता या मागणीतली गंमत बघा. सगळ्या कागदांवर एकच नाव असतं तर हे अ‍ॅफिडेव्हिट लागलंच नसतं. ते नाही म्हणूनच ते करायचं. आणि ते करण्यासाठी ओळखीचा पुरावा म्हणून तेच कागद दाखवायचे.

भाचा मावशीला घेऊन टेबलापाशी पोचतो.

"आजी, ओळखपत्र?"

मावशी आधार देतात.

"हे वृंदाचं झालं. सुमनचं?"

"सुमनला कुठलं हो कार्ड? ती तर लग्नातच संपली."

"मग काहीतरी असेलच की. शाळेचा दाखला?"

दाखला निघतो. पिशवीतून, पिशवीतल्या पिशवीतून, त्यातल्या वहीच्या मधून. चार घड्यांवर चिरलेला. नाव सुमन, जन्म १ जून, वर्तणूक चांगली.

"यावर फोटो नाहीये."

"त्या काळच्या दाखल्यावर फोटो? आमच्या गावात तेव्हा आरसासुद्धा एकच होता."

कारकून नोटरी असलेल्या वकीलसाहेबांकडे बघतो. वकीलसाहेब मोबाइलवरून नजर न काढता म्हणतात, "आधारवर करून टाक." आणि काम होतं. कारण वकीलसाहेबांना पक्कं ठाऊक असतं ते आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. समोरच्या बाई आधारवरच्या वृंदा आहेत आणि त्यांनी आपल्यासमोर शपथ घेऊन सही केली, एवढंच नोटरी सांगतो. त्या सुमन आहेत का, हे तो सांगतच नाही. ते बाईच सांगतात. 'मी सुमन आहे' याला आधार काय, तर वृंदाचा शब्द. बाई खोटं बोलल्या तर शिक्षा बाईंना, शिक्का खराच.

आणि तो शिक्का! नियमाने त्याचा व्यास पाच सेंटिमीटर असतो, गोल, आत नोटरीचं नाव, क्षेत्र आणि नोंदणी क्रमांक. शेजारी तिकीट, वर एक तांबडी चकती. एवढ्या ऐवजापुढे मजकूर वाचायची कुणाची हिंमत होत नाही. आपल्या लोकांची या चकतीवर अशी श्रद्धा आहे की तिच्याखाली काहीही लिहिलं तरी ते खरं होतं असं ते समजतात. घर भाड्याने दिलं, नोटरी केली, झालं. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे, हे भांडण झाल्यावर कळतं. काही जोडपी तर नोटरी करून लग्न करत आणि नोटरी करूनच सोडत. शेवटी २०२४ साली केंद्राच्या विधी खात्याला लिहून कळवावं लागलं की नोटरी म्हणजे विवाह अधिकारी नव्हे. ज्याला तुमचं नाव एकदा विचारून घ्यावं लागतं, त्याच्या साक्षीने लोक जन्माची गाठ बांधत होते.

या सगळ्या व्यवहारात माझा खरा आदर आहे तो टायपिस्टबद्दल. त्याच्या संगणकात 'नेम चेंज नवीन फायनल २' नावाची एक फाइल असते आणि तिच्यातून पंधरा-वीस वर्षं अख्खा जिल्हा गेलेला असतो. तो तुमचं नाव जुन्या नावावर चढवतो. बहुतेक ठिकाणी चढतं. एखाद्या परिच्छेदात आधीचं गिऱ्हाईक शिल्लक राहतं. म्हणून सुमनमावशींच्या प्रतिज्ञापत्रात तिसऱ्या पानावर 'सदर अर्जदार हा अविवाहित असून' असं येतं, आणि एका ठिकाणी धंदा 'शेती व ट्रॅक्टर दुरुस्ती'. लक्षात आणून दिलं तर टायपिस्ट दुखावतो. "कोण वाचतंय, काका?" हे त्याचं म्हणणं मात्र अनुभवाचं असतं.

त्या फाइलीत शेवटी धमकीही असते : 'मजकूर खोटा आढळल्यास भारतीय दंड संहिता कलम १९३ अन्वये शिक्षेस पात्र राहीन.' आता १ जुलै २०२४पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खोट्या पुराव्याच्या शिक्षेचं १९३ तिथे २२९ झालं. पण टायपिस्टच्या फाइलीत जुनीच संहिता राज्य करते. तेव्हा नाव बदलल्याची शपथ घेणारी बाई, नाव बदललेल्या कायद्याला त्याच्या जुन्या नावाने भिऊन सही करते. संहितेने नाव बदलताना निदान राजपत्रात छापून तरी आणलं होतं.

सहीनंतर रजिस्टर. तिथे पुन्हा सही, आणि बऱ्याच टेबलांवर अंगठाही. मावशी शिकलेल्या असल्या तरी अंगठा. जुन्या दस्तांत अडाणी माणसाच्या नावापुढे 'निशाणी डावा अंगठा' असायचं आणि शिकलेला मनुष्य ऐटीत 'दस्तुरखुद्द' लिहायचा. आता शिकलेल्यालाही निळ्या पॅडवर बोट दाबून मग ते कोर्टाच्या भिंतीला पुसावं लागतं. खरं म्हणजे ठशांची ही कल्पना इथलीच. १८५८ साली बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याचा माल पुरवणाऱ्या कंत्राटदाराला करारावर हाताचा पंजा उठवायला लावला. कंत्राटदाराने उद्या करार नाकारू नये, एवढाच हेतू. सरकारी रस्त्याच्या कंत्राटदारावर विश्वास ठेवू नये, हे इंग्रजांनी इतक्या लवकर ओळखलं होतं.

हे सगळं आपल्याकडेच चालतं असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या भाच्याला विचारा. डोंबिवलीचा फ्लॅट विकायला त्याने तिथून मुखत्यारपत्र पाठवायचं असतं. तिथे नोटरी दुकानात बसतो, पार्सलांच्या खोक्यांशेजारी, आणि हसून स्वागत करतो. पण भाच्याच्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव शेजारी शेजारी आहे, त्यामुळे तिथली मंडळी त्याला दोघांच्या नावाने एकदम हाक मारतात. फ्लॅटच्या करारावर फक्त वडिलांचं आद्याक्षर. पुन्हा सुमन आणि वृंदा, फक्त पँट घातलेल्या.

कॅलिफोर्नियात तर २००८पासून नोटरीला आपल्या स्वतःच्या परिचयावर कुणाची ओळख धरता येत नाही. समोर सख्खा शेजारी असला तरी कार्ड हवं. कार्ड नसेल तर शपथेवर सांगणारा साक्षीदार चालतो, पण तोही स्वतःचं कार्ड घेऊन आला पाहिजे. म्हणजे आपल्याकडे न ओळखणारा लिहून देतो की ओळखतो, आणि तिकडे ओळखणाऱ्याला गप्प बसवून कार्डाला विचारतात. मला विचाराल तर आपली पद्धत जास्त माणुसकीची आहे. निदान कुणीतरी कुणालातरी ओळखल्याचं समाधान मिळतं. मुखत्यारपत्र असेल तर तिथेही रजिस्टरात अंगठा लागतो, उजवा. म्हणजे भाचा तिथे उजवा अंगठा उठवून येतो आणि इथे आला की रजिस्टर त्याच्यापुढे सरकवत कारकून म्हणतो, "डावा, डावा!" त्यानंतर तो कागद इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायचं, हे त्याला कुणीतरी चौथ्या महिन्यात सांगतं.

सरकारला या सगळ्याची दया आली नाही असं नाही. २०१५ साली राज्य सरकारने ठरवलं की पुष्कळ कामांना प्रतिज्ञापत्र नको, साधं स्वयंघोषणापत्र पुरे. आपल्या झेरॉक्सवर आपणच सही करावी, तीच साक्षांकित. इतका विश्वास आपल्यावर शाळेतल्या बाईंनीही कधी टाकला नव्हता. त्यानंतर एका कार्यालयात मी नेमकं असं स्वयंघोषणापत्र घेऊन गेलो. खिडकीतल्या बाईंनी ते उलटसुलट पाहिलं, मागची बाजू कोरी बघून हळहळल्या आणि म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे. फक्त नोटरी करून आणा."

शिवाय २०२४च्या ऑक्टोबरात पुष्कळ दस्तांसाठी शंभरऐवजी पाचशेचा स्टॅम्प लागू झाला. आपण आपणच आहोत हे सांगणं पाचपट महागलं. त्याच वर्षी राज्य सरकारने आणखी एक निर्णय घेतला, आणि तो चांगला घेतला : यापुढच्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आईला कागदावर जागा मिळाली, याचा आनंदच आहे. मात्र आपल्या बहुतेक फॉर्मांना रकाने तीनच. चार नावांची ती पिढी मोठी होईल, एखादं कार्ड आईला गाळेल, एखादं वडिलांना, एखादं दोघांना मिळून एक करेल, आणि सगळी मुलं एका रांगेने कोर्टाच्या फाटकाकडे निघतील.

आमच्या टायपिस्टने त्यासाठी नवा फॉरमॅट आत्ताच करून ठेवला आहे. परवा त्याने कौतुकाने उघडून दाखवला. मुलाच्या नावाची जागा मोकळी, वडिलांच्या नावाची मोकळी. आईच्या नावाच्या जागी मात्र ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याचं नाव होतं.